इन्शिराहमावशींच्या काळजातलं बिऱ्हाड

वगीह तादरस त्या दुपारी वॉर्डात गेला तो फक्त एका बाईची उंची आणि वजन विचारायला.

हे त्याचं नेहमीचंच काम होतं. अलेक्झांड्रियाच्या एका मोठ्या सरकारी दवाखान्यात तो हार्ट-लंग मशीन चालवायचा. हृदयाचं ऑपरेशन करायचं म्हणजे बहुतेक वेळा हृदय थांबवावं लागतं. ते थांबलेलं असताना माणसाचं रक्त वगीहच्या नळ्यांतून फिरायचं, मशीनमध्ये प्राणवायू घ्यायचं आणि परत अंगात जायचं. ते किती वेगानं फिरवायचं हे माणसाच्या अंगलटीवर ठरतं. आकडे केसपेपरवर असायचेच, पण वगीहला माणूस बघायचा असायचा. "ज्याचं रक्त सांभाळायचं त्याचं तोंड तरी पाहिलेलं असावं," असं तो म्हणायचा. आणि एकदा गेला की पेशंटला हसवल्याशिवाय परत फिरायचा नाही. अंगानं गोल, डोक्याला टक्कल, मिशा मात्र अशा भरघोस की नर्सा म्हणायच्या, "वगीहभाऊ, डोक्यावरचं सगळं पीक खाली घसरलं वाटतं!"

बाहेर नव्वा घोंगावत होता. हिवाळ्यात समुद्रावरून येणाऱ्या या वादळांना त्या शहरात कोणी घाबरत नाही. घरी येणाऱ्या तापट मामासारखी त्यांची सवय झालेली असते. खिडक्यांच्या काचा खाऱ्या पाण्यानं आंधळ्या झाल्या होत्या. भर दुपारी वॉर्डात दिवे लागले होते, आणि ओल्या चादरींचा, फिनेलचा नि संत्र्याच्या सालींचा वास कोंडून राहिला होता.

दाराशी पोचायच्या आधीच त्याला ठेका ऐकू आला. दुम, तक-तक, दुम, तक. नवरीच्या वरातीचा ठेका. आणि त्यावर बायकांच्या टाळ्या.

खाटेवर उशांच्या ढिगाला टेकून एक पन्नाशी उलटलेली बाई बसली होती. मांडीवर जेवणाचं स्टीलचं ताट उपडं घातलेलं. दोन्ही तळव्यांवर मेंदी, तीही गडद, ताजी. बोटं ताटावर अशी नाचत होती की शेजारच्या खाटेवरची टाके घातलेली म्हातारीसुद्धा एका हातानं छाती धरून दुसऱ्यानं मांडीवर ताल देत होती. पायाशी बसलेली बहीण, फाइका, संत्रं सोलत कुरकुरत होती, "अगं बाई, उद्या तुझी छाती फाडायचीय. आज तरी गप्प बस!"

"म्हणून तर आज वाजवतेय. उद्या जमलं नाही तर?"

हीच इन्शिराह. अन्फूशीतल्या कोळीवाड्यात लग्न ठरलं की नवऱ्या मुलाच्या आधी तिची तारीख घ्यायचे. मेंदीच्या रात्री तिनं दरबुका, म्हणजे मांडीवर घेऊन वाजवायचा छोटा ढोल, काढला की खुर्चीवर बसलेली माणसं उठायची, आणि भांडून कोपऱ्यात बसलेल्या आत्याबाई बाह्या सरसावून मध्ये यायच्या.

वगीहनं स्वतःची ओळख करून दिली. "मावशी, उद्या तुमचं हृदय जरा विश्रांती घेईल. तेवढा वेळ मी तुमचं हृदय."

तिनं त्याला टकलापासून बुटांपर्यंत न्याहाळलं. "एवढं मिशीवालं हृदय? फाइका, बघ गं, माझं नशीब उघडलं!"

"उंची किती, मावशी?"

"उभी राहिले तर पडते, आडवी झाले तर शुद्ध जाते. बसल्या बसल्या जेवढी दिसते तेवढी लिही."

"आणि वजन?"

"माझं एकटीचं, की बिऱ्हाडकरूसकट?"

फाइकानं कपाळावर हात मारला. वगीह मात्र खाटेच्या कडेला टेकला.

बिऱ्हाडकरूचं प्रकरण त्याला माहीत होतं. दवाखान्यात त्याचीच चर्चा होती. काही वर्षांपूर्वी गाठी झाल्या म्हणून तिची गर्भाची पिशवी काढली होती. त्या गाठींचा कुठलासा एक धागा मागे राहिला. कॅन्सर नव्हे, साधाच मांसाचा कोंब. पण असे कोंब क्वचित, फार क्वचित, शिरेत शिरतात. हा ओटीपोटातल्या एका शिरेत शिरला, तिथून पाठीच्या कण्यालगतच्या मोठ्या शिरेत आला, यकृताच्या मागून वर चढला आणि सरळ हृदयाच्या उजव्या कप्प्यात जाऊन डोकं वर काढून बसला. कुठेही न चिकटता. वेल जशी पाण्यात हलते तसा. प्रत्येक ठोक्याला त्याचं टोक झडपेत आत-बाहेर व्हायचं, आणि कधी ते झडपेत अडकलं की इन्शिराह जागच्या जागी कोसळायची. मागच्या महिन्यात एका लग्नात कोसळली. लोकांना वाटलं, नाचाचाच भाग आहे. टाळ्या पडल्या.

"पोरबाळ झालं नाही मला," ती म्हणाली. बोलताना ताटावरची बोटं थांबली नव्हती, फक्त हळू झाली होती. "नवरा बोटीवर गेला तो गेलाच. आणि आता या वयात पोटातून काहीतरी आलं, तर तेही दारातून बाहेर पडायचं सोडून जिना चढून वर आलं. मी म्हटलं, ये बाबा. घर रिकामंच आहे."

"असं बोलू नये," फाइका पुटपुटली.

"का? भाडं देत नाही म्हणून?" मग वगीहकडे वळून ती हळूच म्हणाली, "ते नाचतं रे. खोटं वाटतं? लाव ती नळी कानाला."

त्यानं गळ्यातला स्टेथोस्कोप तिच्या छातीला लावला. ठोके ऐकू आले, जरा घाईतले. आणि दोन ठोक्यांच्या मधे एक जास्तीचा आवाज. टप्प. ओली चप्पल फरशीवर पडावी तसा. हा आवाज त्यानं पूर्वीही ऐकला होता. कप्प्यात काही लोंबकळत असलं की तो येतो. त्यात नवल नव्हतं.

इन्शिराहनं ठेका बदलला. दुम-दुम, तक.

टप्प-टप्प... टप्प.

वगीहनं नळी जरा दाबून धरली. तिनं ताल हळू केला. आतला आवाज हळू झाला. तिनं मधेच एक मात्रा सोडली, आणि आतही एक मात्रा रिकामी गेली. तिचं हृदय मात्र आपल्याच घाईत, आपल्याच वेगानं पळत होतं.

त्यानं नळी काढली. "योगायोग असतात, मावशी," असं म्हणून तो हसला.

"असतील," ती म्हणाली. मग तिनं ताट बाजूला ठेवलं आणि मेंदीच्या हातानं त्याचं मनगट धरलं. पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला. "एक ऐक, लेका. उद्या मला थंड करणार, सगळं थांबवणार, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. तेव्हा एकदम शांत असेल ना?"

"अगदी शांत."

"तेच नको. त्याला शांततेची भीती वाटते. रात्री मला झोप लागायला लागली, घर शांत झालं, की ते घट्ट धरतं... आतून... मुठीनं धरावं तसं. मग मी उशीवर बोटं वाजवते, तेव्हा कुठे सोडतं. तुम्ही उद्या ओढाल आणि ते घाबरून धरून बसेल. तू तिथं असशील. थोडं वाजव. एवढं करशील?"

"मावशी, मी वाजवलं तर ते बिचारं पळूनच जाईल."

"वचन दे."

त्यानं दिलं. आजवर पेशंटांना त्यानं कितीतरी वचनं दिली होती. शुद्धीवर आल्यावर ती कोणाच्या लक्षात नसायची.

*

सकाळी वादळाचा जोर वाढलेला होता. ट्रॅम बंद पडल्या होत्या, आणि वगीह गुडघाभर पाण्यातून, फूल-सँडविचची, म्हणजे उसळ भरलेल्या पावाची, पुडी डोक्यावरच्या टोपीत सांभाळत दवाखान्यात पोचला.

हृदयाचं काम डॉक्टर सुहेर लब्बान करणार होत्या. बारीक अंगाच्या, चष्म्याच्या, थिएटरमध्ये पिन पडलेलीही न खपणाऱ्या. गाणी नाहीत, गप्पा नाहीत. त्यांच्या शिस्तीला सगळे वचकून असायचे. पोटाचं काम डॉक्टर मुख्तारांकडे. हा माणूस आडदांड, बोलका, पण सुहेरबाईंसमोर तोही मांजर व्हायचा.

छाती आणि पोट एकाच वेळी उघडलं. इन्शिराहचं रक्त वगीहच्या नळ्यांतून फिरू लागलं, आणि त्यानं ते हळूहळू गार करायला घेतलं. तिच्या डोक्याभोवती बर्फाच्या पिशव्या रचल्या. अंग अठरा अंशांवर आलं की मेंदूलाही काही नको असतं. मग थोडा वेळ रक्त थांबवता येतं. अर्ध्या तासाच्या आत आटपलेलं बरं. त्यापुढचा प्रत्येक क्षण उधारीचा.

मेंदूची रेषा पडद्यावर सपाट झाली. हृदय कधीच थांबलं होतं.

"थांबव," सुहेरबाई म्हणाल्या.

वगीहनं पंप बंद केला. तिच्या अंगातलं रक्त नळ्यांतून उतरत त्याच्या पारदर्शक टाकीत येऊन साठलं. रोलर फिरायचे थांबले. त्याचे हात मोकळे झाले. त्या कामातला हा वेळ त्याला कधीच आवडला नाही. समोर एक माणूस, ज्यात श्वास नाही, ठोका नाही, ऊब नाही. आणि त्याचं सगळं रक्त आपल्यापाशी. अशा वेळी माणूस नेमका कुठे असतो, हा प्रश्न तो पंचवीस वर्षं विनोद करून टाळत आला होता.

थिएटर शांत झालं. बाहेरचं वादळसुद्धा भिंतीपलीकडे दबलं.

सुहेरबाईंनी उजवा कप्पा उघडला. "आहे," त्या म्हणाल्या. चिमट्यात त्यांनी ते धरलं. पांढुरकं, गुळगुळीत, करंगळीएवढं जाड, ओलं टोक. त्या हलक्या हातानं ओढू लागल्या. वीतभर आलं. अजून थोडं आलं. मग थांबलं.

"मुख्तार, खालून सोडा."

"सोडलंय, डॉक्टर. मूळ केव्हाच कापलंय. हे बघा, खालचं टोक माझ्यासमोर मोकळं आहे. कशालाच चिकटलेलं नाही."

"मग येत का नाही?"

त्यांनी परत ओढलं. आणि मग वगीहनं बघितलं, सगळ्यांनीच बघितलं. ते मागे गेलं. बोटभर. हळूच. कोणीतरी दुसऱ्या बाजूनं दोरीला हिसका द्यावा, तसं.

सुहेरबाईंनी चिमटा घट्ट केला. ते पुन्हा मागे गेलं.

"खाली कोणी हात लावलाय?"

"कोणीही नाही," मुख्तारांनी दोन्ही हात वर धरून दाखवले.

भूल देणाऱ्या डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं आणि किती वेळ गेला ते सांगितलं. बराच गेला होता. सुहेरबाईंनी यकृताजवळची शीर तपासली, बोट घालून पाहिलं, गाठ नाही, अडथळा नाही. जोर लावला तर ते तुटणार, तुकडा फुप्फुसात जाणार. नाही लावला तर वेळ संपणार. त्यांच्या कपाळावर घाम आला. नर्सनं तो टिपला.

आणि त्या शांततेत वगीहला वास आला. ओल्या मेंदीचा. औषधांच्या, भाजलेल्या मांसाच्या वासांवर तरंगत आलेला, गारसर, लग्नघरातला वास. त्याची नजर आपल्या टाकीकडे गेली. पंप बंद होता. काहीही हलत नव्हतं. तरी टाकीतल्या रक्तावर मधोमध एक बारीक वर्तुळ उठलं, कडेला जाऊन विरलं. मग दुसरं.

*ते घट्ट धरतं... आतून...*

वगीहच्या हातात नळी चिमटायची लोखंडी पकड होती. आपण काय करतोय हे कळायच्या आत त्यानं ती मशीनच्या दांडीवर आपटली.

दुम. तक-तक. दुम. तक.

"वगीह!" सुहेरबाई ओरडल्या. "वेड लागलं का तुम्हाला?"

"डॉक्टरबाई, नंतर हाकलून द्या. आत्ता ओढा."

"काय?"

"वचन दिलंय मी तिला. तुम्ही ओढा हो!"

दुम, तक-तक, दुम, तक. त्याला काही वाजवता येत नव्हतं. आपल्याच लग्नात त्यानं बायकोच्या पायावर पाय दिला होता. पण तो ठेका धरून राहिला. आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीला त्याच्या ठेक्याला साथ मिळाली. टाळीची. नेमकी, स्वच्छ, दोन छोट्या तळव्यांची टाळी, बरोबर त्या रिकाम्या मात्रेवर.

नर्सनं मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

"खिडकी... खिडकी वाजतेय," मुख्तार म्हणाले. थिएटरला खिडकी नव्हती.

"आलं," सुहेरबाई एकदम हळू आवाजात म्हणाल्या. "सोडलं त्यानं... येतंय..."

आणि ते आलं. न अडखळता, लांबच लांब, लोण्यातून सुरी यावी तसं. तीन धाग्यांचं, मऊ, हाताहून लांब. त्यांनी ते ताटलीत ठेवलं, आणि टाळी थांबली. कप्पा शिवला. वगीहनं पंप सुरू केला. रक्त तापू लागलं, आणि थोड्या वेळानं इन्शिराहचं हृदय एकदा थरथरलं, दोनदा अडखळलं, आणि असं काही पळत सुटलं की मुख्तार मास्कमधूनच हसायला लागले. त्यांच्या मागोमाग सगळेच हसले. सुहेरबाईसुद्धा. पण टाळीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

हात धुताना सुहेरबाई वगीहच्या शेजारी उभ्या राहिल्या.

"शिरेला आकडी आली असेल," त्या म्हणाल्या. "थंडीनं येते. मग सुटते."

"येत असेल, डॉक्टरबाई."

"परत माझ्या थिएटरमध्ये वाजवायचं नाही."

"नाही, डॉक्टरबाई."

"आणि वाजवायचंच असेल," नळ बंद करत त्या म्हणाल्या, "तर आधी शिका."

*

घशातली नळी काढल्यावर इन्शिराह पहिलं काय बोलली, ते ऐकायला फाइका कान लावून बसली होती. तिला वाटलं, देवाचं नाव घेईल. इन्शिराहनं डोळे उघडले, समोर वगीहचं टक्कल दिसलं, आणि घोगऱ्या आवाजात ती म्हणाली, "लेका, मध्येच एक मात्रा खाल्लीस."

फाइका रडत रडत हसली. नर्सा हसल्या. वगीहही हसायला गेला, पण ते हसू मिशांतच अडकलं. ठेका वाजला त्या वेळी तिच्या मेंदूची रेषा सपाट होती. तिच्या अंगात रक्ताचा थेंब फिरत नव्हता.

"कोणी सांगितलं तुम्हाला, मावशी?"

"सांगायला कशाला हवं? ऐकू येत होतं. ठेका तुझा कच्चा, पण मन लावून धरलास. टाळी मात्र झकास होती हं. कोण होतं ते?"

"कोण म्हणजे... मला वाटलं तुम्हीच."

"मी कशी असेन? माझे हात तर तुम्ही बांधून ठेवलेले." तिनं डोळे मिटले. झोप तिला परत ओढून नेत होती. "बारीक हात होते रे... लहान पोराचे असतात तसे. पण तालाचे पक्के..."

नंतर नीट शुद्धीत आल्यावर तिला यातलं काही आठवेना. वगीहनंही विचारलं नाही.

ती झपाट्यानं सुधारली. आडवी झोपू लागली, जिना चढू लागली, वॉर्डातल्या बायकांना पुन्हा नाचवू लागली. फक्त घरी जायच्या दिवशी, सामान बांधताना, ती छातीवर हात ठेवून जरा वेळ बसली. "आत फार शांत झालंय," ती म्हणाली. "म्हणजे बरंच झालं. पण रात्री उशीवर बोटं वाजवते अजून. सवय."

वसंतात फाइकाच्या मुलीचं लग्न झालं. अन्फूशीच्या गल्लीत दिव्यांच्या माळा, तळलेल्या माशांचा घमघमाट, वारा समुद्रावरचा पण गोड. इन्शिराहनं वगीहला बायकोसकट बोलावलं होतं, आणि भर मांडवात उभं करून सांगितलं, "हे बघा माझं मिशीवालं हृदय!" मग दरबुका त्याच्या हातात दिला. त्यानं वाजवला तेव्हा लोकांनी कानांवर हात ठेवले. नवरी हसून हसून खुर्चीत वाकली. सुहेरबाईही आल्या होत्या, कोपऱ्यात बसल्या होत्या, आणि टेबलाखाली त्यांचा बूट ताल धरत होता. इन्शिराह पहाटेपर्यंत वाजवत राहिली. एकदाही धाप लागली नाही. वगीहची बायको परतताना म्हणाली, "एवढी सुखी बाई मी बघितली नाही." त्यालाही तसंच वाटलं. गाडीत तो स्टिअरिंगवर बोटं वाजवत होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत डॉक्टर झकींचा फोन आला.

झकी म्हणजे दवाखान्याच्या तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेतले म्हातारे डॉक्टर. कापून काढलेल्या गोष्टी तपासायचं त्यांचं काम. कोरडा माणूस, पण वगीहशी त्यांचं जमायचं, कारण वगीह त्यांना अधूनमधून चिडवायचा. एकदा त्यानं त्यांच्या बरण्यांच्या रांगेत लोणच्याची बरणी ठेवली होती.

"वर ये... नाही, खाली ये," झकी फोनवर म्हणाले. "आणि तुझी मस्करी आता पुरे झाली."

"कसली मस्करी?"

"खाली ये."

प्रयोगशाळेत दुपारचं ऊन जाळीतून आत आलं होतं. फॉर्मॅलिनचा वास नाकाला झोंबत होता. शिकणाऱ्या मुलांना दाखवायला झकींनी इन्शिराहचा तो कोंब जपून ठेवला होता. असा अख्खा, न तुटलेला फार थोड्यांना बघायला मिळतो. खालच्या टोकाचा तुकडा तपासून त्यांनी केव्हाच सांगितलं होतं, साधी गाठ, वाईट काही नाही. उरलेलं उंच काचेच्या नळकांड्यात उभं टांगलं होतं.

"कधी केलंस हे?" झकींनी नळकांड्याकडे बोट दाखवलं.

वगीहनं पाहिलं. ताटलीत पाहिलं होतं तेव्हा ते तीन सुटे, मऊ धागे होते, एकमेकांशेजारी पडलेले. आता तसे नव्हते. वरपासून खालपर्यंत त्यांची वेणी घातलेली होती. डावा मध्ये, उजवा मध्ये, डावा मध्ये. घट्ट, सारखी, एकही पेड न चुकवता. शाळेत जायच्या आधी आई पोरीची घालते तशी.

"मी नाही केलं," वगीह म्हणाला.

"लोणच्याची बरणी कोणी ठेवली होती?"

"ती मी. हे नाही. आईशपथ, डॉक्टर."

झकी त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी चष्मा काढून पुसला. राग होता तेव्हा ते बरे दिसत होते. राग गेल्यावर एकदम म्हातारे दिसायला लागले.

"मला वाटलंच होतं," ते हळूच म्हणाले. "करशील तरी कसं? बघ, झाकणाला मेण आहे. मी स्वतः लावलेलं. कुठे तडा नाही. आणि आतलं आता कडक झालंय. काडीसारखं. वाकवायला गेलास तर मोडेल, वेणी कसली घालतोस... मी म्हटलं, तूच असशील तर बरं."

"कधी दिसलं तुम्हाला?"

"पहिल्यांदा दिसलं तेव्हा वरती दोन-तीन पेडच होते. मला वाटलं, हलून गुंतलं असेल. मग रोज सकाळी... थोडं थोडं. काल संध्याकाळी मी दिवा मालवून गेलो तेव्हा खाली वीतभर मोकळं होतं."

वगीह वाकला. काचेला नाक लागेल इतका जवळ गेला. आता खाली जेमतेम बोटभर उरलं होतं.

"आत्ता, तू यायच्या आधी, मी चहा आणायला बाहेर गेलो होतो," झकी म्हणाले. "दाराला कुलूप होतं. किल्ली माझ्या खिशात... परत आलो, कुलूप काढलं. आणि तेव्हापासून ते असं आहे."

वगीहनं टोकाकडे पाहिलं. दोन धागे सरळ खाली लोंबत होते. तिसरा लोंबत नव्हता. तो वर उचललेला होता, मधल्यावर अर्धा वाकवलेला, आणि कशाचाही आधार नसताना तसाच थांबला होता. दार वाजलं म्हणून कोणीतरी हात रोखून धरावा, तसा.